ऐन अल-हौरचं जास्तीचं टिंब

माझी फहीमा आत्या छत्तीस वर्षं सरकारशी पत्रव्यवहार करत होती आणि त्यात एकदाही तिचं व्याकरण चुकलं नव्हतं. सरकारचं मात्र चुकायचं. आत्या शाळेत हिब्रू शिकवायची, आम्हा अरब पोरांना. मंत्रालयातून "आपल्या विनंतीचा विचार करता येत नाही" असं पत्र आलं की ती आधी लाल पेन काढायची. इथं आकड्याचं लिंग चुकलं (हिब्रूत आकड्यांनाही लिंग असतं), इथं क्रियापद कर्त्याशी जुळत नाही. मग त्या पत्राची झेरॉक्स आपल्या उत्तराला जोडून परत पाठवायची. खाली शेरा असायचा : "दहापैकी साडेपाच. हस्ताक्षर नाही, तरी अस्वच्छ."

"आत्या, अशानं ते गावाला मान्यता देतील का गं?" मी विचारायचे.

"द्यायची तेव्हा देतील," ती म्हणायची. "पण शुद्ध भाषेत देतील."

आमचं गाव ऐन अल-हौर. गालिलीच्या डोंगरउतारावर साडेतीनशे माणसं, एक झरा आणि झऱ्याच्या कडेनं पॉपलरची झाडं. हौर म्हणजे पॉपलर, ऐन म्हणजे झरा. हे राज्य जन्माला यायच्या आधीपासून आम्ही तिथं आहोत. पण पासष्ट सालच्या बांधकामाच्या कायद्यानंतर नकाशे निघाले, त्यांत आमचा डोंगर नुसता शेतजमीन म्हणून रंगवला गेला. शेतजमिनीवर घर बांधता येत नाही, म्हणजे आमची सगळी घरं बेकायदा. त्या घरांत जन्मलेले आम्ही मात्र कायदेशीर. आम्हाला ओळखपत्र होतं, मत होतं, कराची नोटीसही अगदी वेळेवर यायची. ओळखपत्रावर पत्ता तेवढा शेजारच्या गावाचा. वीज नाही, डांबर नाही, पाटी नाही. पाहुण्यांना आम्ही सांगायचो, "रस्ता संपला असं वाटेल तिथं थांबू नका, तसेच पुढं या."

आणि मग एका वसंतात, तीन कोर्टं आणि आत्याच्या चारशे बारा पत्रांनंतर, मान्यता आली. गुरुवारी दुपारी चार वाजता उपमंत्री येऊन गावाच्या पाटीवरचं कापड दूर करणार, असं ठरलं.

त्या गुरुवारी सकाळपासून गावाला जणू भांग चढली होती. गावच्या समितीचा अध्यक्ष अबू खाझिम, वय सत्तर, कोकरांच्या हंड्यांभोवती उगाचच गोल गोल फिरत होता. बायका भातात बदाम घालत होत्या आणि मधेच कुणीतरी जिभेचा तो लांब, थरथरता आनंदस्वर काढायची, की सगळ्या जणी हातातलं काम टाकून साथ द्यायच्या. निम्रनं आपल्या जेसीबीला फुगे बांधले होते. माझी धाकटी बहीण जुमाना नखं हिरवीगार रंगवून मोबाइलवर सगळ्यांचं चित्रण करत हिंडत होती. आत्यानं ती नखं बघितली.

"ही बोटं आहेत की भेंड्या?"

"आत्या, पाटीशी मॅचिंग आहे!"

"पाटी सरकारची आहे. तिची बरोबरी करू नये माणसानं," असं म्हणून आत्या साडेअकराला कपडे बदलायला घरात गेली. नेहमीचा राखाडी कोट नव्हे, तर तिच्या आईचा भरतकाम केलेला लाल-काळा झगा घालायला.

पाटी दहा वाजताच आली होती. दोन उंच खांबांवर, रस्त्याच्या कडेला, माणसाच्या दुप्पट उंचीवर ती चढवली आणि वर कापड बांधलं. बरोबर जिल्हा कार्यालयातला एक तरुण अधिकारी होता. एलिराज त्याचं नाव. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल, आणि घामानं डबडबलेला. आम्ही सगळे त्याच्याशी हिब्रूत बोलत होतो.

"तुला अरबी येते का रे?" अबू खाझिमनं त्याच्या हातात कॉफी ठेवत विचारलं.

"शाळेत तीन वर्षं होती," एलिराज लाजत म्हणाला. "आणि मग सैन्यात थोडी. 'थांब', 'कागद दाखव', एवढं येतं."

"मग झालं की! इतकी वर्षं आपलं तेवढंच तर बोलणं होत होतं!"

भोवतालचे हसले. एलिराजला हसावं की नाही कळेना, म्हणून त्यानं कॉफी एका दमात प्यायली आणि जीभ भाजून घेतली.

बाराच्या सुमारास जुमानाला पाटीचं "पडद्यामागचं" चित्रण हवं झालं. ती निम्रच्या खांद्यावर चढली आणि कापडाचा कोपरा उचलून आत मोबाइल घातला. खाली उतरून तिनं फोटो बघितला. मग परत बघितला. मग तोंडावर हात ठेवून ती रस्त्यातच बसली.

"काय गं? चावलं काही?" मी धावले.

तिनं नुसता फोन पुढं केला. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत तीन ओळी. हिब्रू बरोबर, इंग्रजी बरोबर. तीन भाषांतली जी आमची, तीच चुकलेली. अरबीत 'ह' आणि 'ज' ही अक्षरं दिसायला अगदी एकसारखी, फरक फक्त पोटातल्या एका टिंबाचा. कुठल्यातरी छापखान्यात कुणीतरी ते टिंब उदारपणे देऊन टाकलं होतं. हौरचं झालं होतं जौर.

जौर म्हणजे जुलूम.

ऐन अल-जौर. जुलमाचा झरा. खाली सरकारी चिन्ह, आणि त्याखाली 'सुस्वागतम्'.

अबू खाझिमनं वाचलं. त्याची मिशी आधी हलली, मग पोट हललं, आणि मग तो माणूस खांबाला धरून असा हसला की त्याच्या डोक्यावरचा रुमाल खाली पडला. "अरे बाप रे! शेवटी कबूल केलं! लेखी दिलं!"

बातमी वणव्यासारखी पसरली. हंड्या सोडून बायका आल्या, म्हातारे काठ्या टेकत आले. जो वाचेल तो लोळेल. कुणी म्हणे, "कोर्टात लावायला फोटो काढून ठेवा." कुणी म्हणे, "वर स्वागतही केलंय रे, सभ्य लोक आहेत!" निम्रची आई तर हसता हसता उचक्या लागून माझ्या गळ्यात पडली.

बिचारा एलिराज या माणसाकडून त्या माणसाकडे बघत होता. "काय झालं? मी काही चुकीचं बोललो का?"

मी त्याला समजावून सांगितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग त्याच्या शर्टासारखा झाला.

तेवढ्यात आत्या आली. लाल-काळा झगा, पांढरी ओढणी, ताठ मान. सगळे एकदम शाळेतल्यासारखे गप्प झाले, कारण तिथला चाळिशीखालचा जो तो तिच्या हातचं खाऊन, म्हणजे छडी खाऊन, मोठा झालेला. निम्रनं काठीनं कापड वर केलं. आत्यानं चष्मा लावला. वाचलं. परत एकदा वाचलं. मला वाटलं, छत्तीस वर्षं घालवलेल्या बाईला शेवटी हे?

"मजकुराला," ती सावकाश म्हणाली, "दहापैकी दहा."

आणि मग ती हसली. आत्याला मी स्मित करताना पाहिलं होतं, ते सुद्धा निकालाच्या दिवशी. पण हे हसू वेगळंच होतं. खालून झरा फुटावा तसं आलं आणि थांबेचना. चष्मा काढून ती डोळे पुसायची, पाटीकडे बघायची, परत हसायची. "शुद्धलेखनाला शून्य!" तिनं कसंबसं म्हटलं, आणि सगळं गाव पुन्हा हसत सुटलं.

हसणं ओसरल्यावर वाद सुरू झाला. अबू खाझिम म्हणाला, "मी सांगतो, राहू दे तशीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरकारनं आपल्याबद्दल खरं लिहिलंय, आणि आपणच खोडायचं?"

"खरंय, खरंय!" पाचपन्नास आवाज.

"नवी पाटी किती दिवसांत येईल?" मी एलिराजला विचारलं.

"निविदा निघेल," तो म्हणाला. "आठ महिने. लवकर झालं तर. पण आजचा कार्यक्रम रद्द केला तर... मंत्रिमंडळ कधी पडेल सांगता येत नाही. पुढचा उपमंत्री येईल न येईल. आणि पाटी लागल्याशिवाय विजेची फाइल पुढं सरकत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सगळे एकदम शहाण्यासारखे दिसू लागले.

आत्या म्हणाली, "अबू खाझिम, तुझं हसणं मला मान्य आहे. पण जुलूम हे आपल्या गावाचं नाव नाही. तो त्यांचा धंदा होता, आपलं नाव नव्हे. माझ्या आजोबांनी इथं झाडं लावली, जुलूम नाही लावला. मी चारशे बारा पत्रांत या गावाचं नाव लिहिलंय. एकदाही टिंब दिलं नाही. आता मी त्यांच्या टिंबाखाली राहणार नाही."

अबू खाझिमनं रुमाल झटकून डोक्यावर ठेवला. "बाईंपुढं कोण बोलणार?"

"पण पाटीत बदल करायचा अधिकार मला नाही," एलिराज घाईघाईनं म्हणाला. "सरकारी पाटी आहे. गुन्हा होतो. बदलासाठी..." तो अडखळला. पुढचं त्यालाच सांगवेना.

"बोल बाळा," आत्या म्हणाली.

"...अर्ज करावा लागेल."

मग असा हशा उसळला की झऱ्यावरची कबुतरं उडाली. आणि या वेळी एलिराजही हसला. आधी नाकातून, मग फाइल पोटाशी धरून, मोठमोठ्यानं.

आत्यानं अर्ज केला, खोटं नाही. माझ्या पाठीचं टेबल करून उभ्या उभ्या लिहिला. "विषय : एक टिंब." एलिराजनं तो घेतला, वाचला, म्हणाला, "माझ्याकडे शिक्का नाही." मग घड्याळात बघितलं, अर्ज फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाला, "बाई, तोंडी परवानगी दिली असं मी कुठंही म्हणणार नाही. पण मला आता पलीकडे जाऊन एक फोन करायचाय. वीस मिनिटांचा."

"बारा वाजून गेलेत," आत्या म्हणाली. "आधी जेव. मग फोन कर."

तो जेवला. दोनदा भात घेतला. तोवर आम्ही हिरवा रंग शोधत होतो. घरांच्या दारांचा हिरवा फिका निघाला. ट्रॅक्टरचा हिरवा फार पिवळट. कुणी पालेभाजी वाटून आणली, काठीच्या टोकाला बोळा बांधून लावली, ती पाटीवरून ओघळली आणि आता झऱ्याला दाढी आल्यासारखं दिसू लागलं. ती पुसता पुसता माझं लक्ष जुमानाच्या नखांकडे गेलं. तिचंही.

"नाही हं!" ती म्हणाली. "महागातली आहे. फक्त दोन बाटल्या आहेत!"

"जुमाना," आत्या म्हणाली, "भेंड्या घेऊन ये."

रंग तंतोतंत जुळला. आता वर चढायचं कुणी? शिडी तोकडी पडत होती. निम्र म्हणाला, "जेसीबीच्या बकेटमध्ये उभं राहिलं की हात पोचेल. मी चढतो, मशीन माझा भाऊ चालवेल."

"तू?" आत्या म्हणाली. "तुझं अरबी 'ज'सुद्धा आठवीपर्यंत उलटं यायचं. सरकारच्या चुका इतकी वर्षं मी तपासल्या. ही पण मीच तपासणार."

एकाहत्तर वर्षांची बाई. निम्रनं बकेट जमिनीला टेकवली, त्यात गादी घातली, वर गालिचा घातला. अठ्ठ्याण्णव साली असल्याच एका मशीननं तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्या पाडल्या होत्या, तेव्हा ती शेजारी उभी राहून आदेशाच्या कागदावरच्या चुका मोजत होती. आता तिनं त्या पिवळ्या लोखंडावर तळवा ठेवला, घोड्याला थोपटावं तसं थोपटलं आणि म्हणाली, "आज नीट वाग." मग झगा सावरून आत चढली.

बकेट हलत, डुलत, फुग्यांसकट वर गेली. खाली साडेतीनशे माणसं माना वर करून. "डावीकडे जरा!" आत्या ओरडली. "एवढी नको रे, पाडतोस की काय मला!" कापड बाजूला करून तिनं नेलपॉलिशचा तो इवलासा ब्रश टिंबावर टेकवला. पहिला हात झाला. दुसरा चालू होता.

आणि वळणावर तीन काळ्या गाड्या दिसल्या.

उपमंत्री पस्तीस मिनिटं आधी आले होते. असं या देशाच्या इतिहासात कधी घडलं असेल तर मला माहीत नाही.

"खाली घे! खाली घे!" अबू खाझिम किंचाळला. निम्रनं घाबरून दांडा ओढला, तर बकेट आणखी वर गेली. गाडीचं दार उघडलं. उपमंत्री उतरले, गोरे, गुबगुबीत, उन्हानं डोळे बारीक केलेले. त्यांनी वर बघितलं. फुगे बांधलेला जेसीबी, गालिचा घातलेली बकेट, आणि तीत भरतकामाच्या झग्यातली एक म्हातारी, हातात बाटली घेऊन.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

एलिराज पांढराफटक. अबू खाझिमनं मात्र आयुष्यात कधी नव्हती ती चपळाई दाखवली. दोन्ही हात पसरून पुढं झाला. "आमची रीत आहे साहेब! नव्या पाटीला गावातली सगळ्यात थोर बाई वर जाऊन आशीर्वाद देते. सुगंधी तेल लावते! फार जुनी रीत!"

"पाटी लावायची जुनी रीत?" उपमंत्री म्हणाले. "पण तुमच्याकडे तर पाटीच नव्हती."

"म्हणून तर इतकी जुनी झाली, साहेब! वापरलीच नाही कधी!"

बायकांनी ओळखलं. एकीनं सूर लावला आणि दीडशे जिभा एकदम थरथरल्या. ढोल सुरू झाला. उपमंत्र्यांच्या अंगावर काटा आलेला मी स्वतः बघितला. त्यांनी कोट काढून मदतनिसाच्या हातात दिला. "मलाही वर न्या," ते म्हणाले.

"साहेब, सुरक्षेच्या दृष्टीनं—" मदतनीस म्हणाला.

"बाई गेल्यात ना? मग मला काय धाड भरलीये?"

बकेट खाली आली, उपमंत्री चढले, बकेट पुन्हा वर गेली, जरा जास्त कण्हत. उपमंत्री म्हणाले, "अभिनंदन! खौरच्या लोकांना माझ्या शुभेच्छा." आत्या म्हणाली, "खौर नव्हे. चष्म्याची काच पुसायला वाफ सोडता ना, तसं. हः." उपमंत्र्यांनी वाफ सोडली. "खः." "घशातून नको, छातीतून." खाली जनरेटरवर ध्वनिक्षेपक चालू होता आणि मदतनिसानं भाषणासाठी अडकवलेला माइक उपमंत्र्यांच्या गळ्यातच लटकत होता, त्यामुळे साऱ्या डोंगराला ऐकू येत होतं : खः... खः... हः!

"हौर!" खालून साडेतीनशे जणांनी दाद दिली.

"हौर!" उपमंत्री आनंदानं ओरडले आणि कापड ओढलं. मग टाळ्या घेत, फोटोसाठी म्हणून, त्यांनी अंगठा नेमका ओल्या टिंबावर टेकवला.

अंगठा हिरवा झाला. टिंबाची पांढरी कोर पुन्हा डोकावली. खाली आम्ही दगड झालो. आत्यानं क्षणही न दवडता आपला तळहात त्या जागी ठेवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. दुसऱ्या दिवशी तो फोटो वर्तमानपत्रात आला : उपमंत्री आणि पाटीला मायेनं स्पर्श करणारी वृद्ध शिक्षिका. खाली लिहिलं होतं, 'भावुक क्षण.'

"हे काय लागलं?" उपमंत्र्यांनी अंगठा बघितला.

"आशीर्वाद," आत्या म्हणाली. "दोन दिवस धुऊ नका."

भाषण छोटं झालं. त्यात त्यांनी 'साडेतीनशे नागरिक' म्हणताना आकड्याचं लिंग चुकवलं. पहिल्या रांगेतून आत्यानं हळूच दुरुस्त केलं. त्यांनी माफी मागून परत म्हटलं. मग जेवण. मग मदतनीस घड्याळ दाखवू लागला आणि गाड्या गेल्या. एलिराजची गाडी शेवटची. जाताना त्यानं आत्याला विचारलं, "बाई, अकरा घरांच्या पाडापाडीच्या नोटिसा अजून उभ्या आहेत, तुम्हाला ठाऊक आहे ना? मान्यतेनं त्या आपोआप रद्द होत नाहीत."

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "रविवारी कचेरी उघडली की पत्र येईल तुला."

"मला?"

"आता तुझं नाव कळलंय मला."

तो गेला आणि आत्यानं पुन्हा वर जाऊन टिंबावर तीन हात मारले. ऊन पॉपलरच्या शेंड्यांवर आलं होतं. आता खरं तर आवरायचं. पण निम्र म्हणाला, "मी अजून गावात शिरलोच नाही." "म्हणजे?" "म्हणजे पाटी लागल्यावर. बाहेरून." तो आपली गाडी घेऊन हमरस्त्यापर्यंत गेला, वळला, आणि भोंगा वाजवत पाटीखालून आत आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग अबू खाझिम गेला. मग काय, गावातली झाडून सगळी वाहनं निघाली. ट्रॅक्टर, टेम्पो, शाळेची मिनीबस. हमरस्त्यापर्यंत जायचं, वळायचं, भोंगे वाजवत गावात शिरायचं, पुन्हा बाहेर. मी गाडी चालवत होते, शेजारी आत्या, मागं जुमाना अर्धी खिडकीबाहेर. प्रत्येक वेळी पाटीखालून जाताना आत्या मोठ्यानं नाव वाचायची आणि म्हणायची, "परत."

"आत्या, सहा वेळा झालं."

"छत्तीस वर्षं झाली. परत."

सातव्या फेरीला हमरस्त्यावर एक अनोळखी गाडी थांबलेली दिसली. आत एक ज्यू नवराबायको, बहुधा तेल अविवकडची, हातात मोबाइल, चेहरा गोंधळलेला. भोंग्यांची ही मिरवणूक बघून बाईनं काच खाली केली.

"माफ करा, आमचा नकाशा काहीच दाखवत नाहीये. हे कुठलं गाव?"

आत्यानं उत्तर द्यायच्या आधी वळून पाटीच्या दिशेनं बघितलं. हे असं कुणी तिला कधी विचारलंच नव्हतं. मागून जुमाना ओरडणार होती, मी तिचा हात दाबला. बाई वाट बघत राहिली. आत्यानं ओढणीनं डोळे पुसले, ताठ बसली, आणि वर्गात नवा धडा सुरू करावा तशा आवाजात, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. मग विचारलं, "म्हणा बघू."

"ऐन अल-खौर," बाई म्हणाली.

"उतरा खाली," आत्या म्हणाली. "भात अजून गरम आहे. उच्चार जेवताना शिकवते."